रतलामच्या गटाराचा खटला

रतलाम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शेव आठवते, नाहीतर दिल्लीला जाताना लागणारं मोठं जंक्शन. मी उमेदीची वर्षं कोर्टात काढली, त्यामुळे मला तिथलं गटार आठवतं. स्मरणिका समितीने "इतिहासावर काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हा राजेरजवाड्यांऐवजी हाच इतिहास लिहावासा वाटला, कारण तो आपल्यासारख्याच रहिवाशांनी घडवला आहे.

मध्य प्रदेशातील रतलामच्या न्यू रोड भागात उघडी गटारे तुंबलेली असत. आसपासच्या झोपडपट्टीत शौचालये नव्हती, म्हणून लोक रस्त्याकडेलाच बसत. त्यात भर म्हणजे जवळच्या मद्यार्क कारखान्याचे दुर्गंधीयुक्त सांडपाणी रस्त्यावर येई. डासांचे तर विचारूच नका. रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार या कलमाने त्यांना मिळतो.

नगरपालिकेचा बचाव ऐकण्यासारखा आहे. रहिवासी डोळे उघडे ठेवून तिथे राहायला गेले, अस्वच्छता त्यांना ठाऊक होती, मग आता तक्रार कसली? दुसरा मुद्दा नेहमीचाच, पैसे नाहीत. दंडाधिकाऱ्यांनी तो मानला नाही आणि सहा महिन्यांत योजना तयार करायला सांगितले. सत्र न्यायालयाने हा हुकूम फिरवला, उच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला, आणि नगरपालिका गटार बांधायचे सोडून सर्वोच्च न्यायालयात गेली! वकिलांवर किती खर्च झाला असेल, हा प्रश्न माझ्यासारख्या कारकुनाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

२९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी अपील फेटाळले. कायद्याने सोपवलेले कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येत नाही, असे त्यांनी ठरवले. पण नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. सुमारे सहा लाखांची योजना मान्य केली, काम दोन महिन्यांत सुरू करून वर्षात पुरे करा, सहा महिन्यांत पुरेशी सार्वजनिक शौचालये बांधा, कारखान्याचे पाणी रस्त्यावर येणे बंद करा, असे मुदतीसह बजावले. झोपडपट्टीवाल्यांना दोषी न धरता त्यांच्यासाठी शौचालये मागणारा हा निकाल मला म्हणूनच मोठा वाटतो. कुठल्याही सोसायटीच्या सभेत बोट आधी तिकडेच दाखवलं जातं.

कारखानदारांच्या जबाबदारीचा कायदा पुढे कडक झाला. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. तेव्हा भोपाळला जेमतेम वर्ष झाले होते. १८६८ च्या इंग्लंडमधील निकालाने धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला जबाबदार धरले होते, पण दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य अशा पळवाटाही ठेवल्या होत्या. सरन्यायाधीश भगवती यांच्या पाच जणांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये त्या बंद केल्या. धोकादायक धंद्यामुळे इजा झाली की भरपाई द्यायचीच, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. भोपाळचा दावा मात्र १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोडीने मिटवला गेला.

हे तत्त्व प्रत्यक्ष लागू झाले उदयपूरजवळच्या बिछडी गावासाठी. रंगधंद्यात लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरला आणि विहिरी नासल्या. १९९६ मध्ये निकाल लागला. सफाईचा खर्च पुढे सुमारे ३७ कोटी ३८ लाख ठरला. पैसे न भरता कंपनीने अर्जांमागून अर्ज केले. अखेर २०११ मध्ये न्यायालयाने १२ टक्के चक्रवाढ व्याजासह वसुली फर्मावली. (आपल्या थकबाकीदार सभासदांनी हा आकडा जरूर वाचावा.) मूळ याचिका होती १९८९ ची.

रतलामवाल्यांचे कलम १३३ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झाले आहे.