उष्ट्या धोट्याची कुळकथा

मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश का नव्हता, याचं नेहमीचं उत्तर मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकात दडलेलं आहे. कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात बसवी, धोटा ओठांना लावी आणि श्वास आत ओढून सुताचं टोक भोकातून बाहेर काढी. सूत तुटलं की पुन्हा तेच. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागे. म्हणजे उष्टं, म्हणजे विटाळ. म्हणून जास्त मजुरीचा साचा सवर्णांचा आणि मुसलमानांचा. दलितांनी कमी मजुरीच्या कताईत राबायचं.

उत्तर पटण्याजोगं आहे, पण अपुरं आहे.

धोटा चोखण्याची रीत आली लँकेशायरहून. तिथेही उष्टे धोटे सर्रास एकमेकांच्या तोंडी जात. ओरड झाली ती डॉक्टरांची, रोग पसरतात म्हणून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सनं 1911 मध्ये असे धोटे कायद्यानंच बंद केले.

त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेल गावी ड्रेपर कंपनीनं 1890च्या दशकात नॉर्थरॉप माग बाजारात आणला. त्यात कांडी आपोआप बदले आणि सूत आपोआप ओवलं जाई. तोंड लावायचं कारणच उरलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिरण्यांनी हे माग भराभर घेतले. उष्ट्याचा सिद्धांत खरा असता, तर निदान या मागांवर तरी काळा विणकर दिसायला हवा होता. घडलं उलटंच. साउथ कॅरोलायनानं 1915 मध्ये कायदा केला की कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. दारं, जिने, पगाराच्या खिडक्या, पाण्याच्या बादल्या, पेलेसुद्धा वेगळे. फरशी घासणाऱ्यांना, शौचकूप साफ ठेवणाऱ्यांना आणि अशाच काहींना तेवढी सूट! धोटा स्वच्छ झाला, तेव्हा पेला पुढे आला.

मग ही भिंत बांधली कोणी? मालकांनी, मजूर फोडण्यासाठी, हे समाजवाद्यांचं जुनं उत्तर. इंग्रज मजूर आयरिश मजुराला तुच्छ लेखतो आणि त्यातच भांडवलदाराचं बळ आहे, असं मार्क्सनं 1870च्या एका पत्रात मांडलं होतं. पण अटलांटाची 1897ची घटना त्यात नीट बसत नाही. एका गिरणीनं घडीखात्यात काळ्या बायका घेतल्या, तर गोऱ्या कामगारांनीच संप केला आणि मालकाला माघार घ्यावी लागली. काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 1935 मध्ये या गाठीला हात घातला: गोऱ्या मजुराला पैसे कमी मिळतात, पण वर मान मिळतो, चांगली शाळा मिळते, आपल्या माणसांचे पोलीस मिळतात. हीही मजुरीच, फक्त ती पगाराच्या खिडकीवर मिळत नाही.

उदारमतवादी अर्थशास्त्राचा दावा वेगळा. भेदभाव महाग पडतो, बाजार तो झिजवून टाकील, असा युक्तिवाद गॅरी बेकर यांनी 1957 मध्ये केला. साउथ कॅरोलायनात स्वस्त काळा मजूर गिरणीच्या फाटकाबाहेर उभाच होता, तरी अर्धं शतक बाजार हलला नाही. नोकरीतल्या भेदभावाला बंदी करणारा अमेरिकेचा 1964चा नागरी हक्क कायदा आल्यावर मात्र थोड्याच वर्षांत खाती खुली झाली.

मुंबईत 1928च्या संपात डॉ. आंबेडकरांनी साचेखात्यावरची बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. लाल बावट्याच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ती नाखुशीनंच घेतली. मालकांनी हात वर केले: अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. त्यांचं म्हणणं साफ खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते झोंबणारं होतं. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती, जॉबर आपल्या गावचा नि जातीचा माणूस आणणार. बंदीचं खरं मूळ तिथे असावं आणि धोटा ही मागून सापडलेली सबब.

या तर्काला बळ मिळतं ते गिरणीबाहेर. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, असं आंबेडकरांनी सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतलं उदाहरण दिलं. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो; त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. रेल्वेत धोटा कुठेच नव्हता.