दुसऱ्याच्या डोळ्यांखालून

ऊसपट्ट्यात वजन हा जिव्हाळ्याचा विषय. गाडी एका काट्यावर तोलली तरी दुसऱ्या काट्यावर ती पडताळून पाहता आली पाहिजे, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी. ज्याचा माल त्यानेच मोजायचा आणि त्यानेच बरोबर म्हणायचे, हे कोडोलीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावाच्या चावडीवरही कोणाला पटणार नाही. लिनक्ससारख्या खुल्या संगणकप्रणालींच्या जगात ‘पॅकेज रिव्ह्यू’ नावाची, म्हणजे एकाने बांधलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा (‘पॅकेज’) दुसऱ्याने तपासण्याची, प्रथा रुजली ती याच गरजेतून.

कोडोलीला लागून वारणानगर. १९९८ मध्ये या परिसरातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन ही माहिती गावातल्याच संगणकावर मिळावी, हा त्याचा हेतू. पडद्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा, तर तो आकडा ज्या सॉफ्टवेअरमधून येतो ते कोणी तपासले, हा प्रश्न ओघानेच येतो.

त्याची उत्तरे त्याआधीच शोधली जात होती. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियन या लिनक्स प्रणालीची घोषणा केली. जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी एकेक पॅकेज सांभाळायचे आणि सगळ्यांनी एकच नियमावली पाळायची, अशी ती रचना. १९९७ मध्ये ‘मुक्त’ कशाला म्हणायचे याचे निकष डेबियनने लिहून काढले. आजही तिथे नवे पॅकेज आले की ते रांगेत थांबते. परवाना आणि मालकीहक्काची कागदपत्रे पाहिल्याशिवाय आत जात नाही.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००२ मध्ये वॉरन तोगामी या हवाईच्या विद्यार्थ्याने रेड हॅट लिनक्ससाठी जादा पॅकेजे जमवायला सुरुवात केली. २००३ मध्ये रेड हॅट कंपनी या कामाशी जोडली गेली आणि पुढे घराचे दोन भाग झाले. ‘कोअर’ कंपनीच्या नोकरांचे, ‘एक्स्ट्राज’ स्वयंसेवकांचे. स्वयंसेवकाचे प्रत्येक पॅकेज दुसऱ्याने तपासायचे; कंपनीच्या पॅकेजांना ते बंधन नव्हते. ३१ मे २००७ रोजी आलेल्या फेडोरा ७ मध्ये ही भिंत पाडली गेली आणि कंपनीची जुनी पॅकेजेही तपासणीसाठी मांडली गेली. या प्रथेच्या इतिहासात याहून मोठा दिवस नाही. नियम घरच्यांनाही लागू झाला, तेव्हाच तो नियम झाला.

तपासणी चालते सर्वांसमोर. पॅकेज करणारा आपली कृती, म्हणजे ‘स्पेक फाइल’, मांडतो. दुसरा कोणी ती हाती घेतो आणि नोंदीवर प्रश्नचिन्ह लावतो. सगळे पटले की त्या जागी अधिकचे चिन्ह येते. मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेलाच कोड आत आहे ना? परवाना खरा आहे का? कोऱ्या वातावरणात पॅकेज बांधले जाते का? लायब्ररी असेल तर आणखी काटेकोरपणा, कारण लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचे सामाईक काम. ती दोन भागांत ठेवतात: प्रोग्रॅम चालवायला लागेल तेवढे एका पॅकेजात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणाऱ्या फाइली ‘डेव्हल’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात.

दुसऱ्याची लायब्ररी आपल्या पोटात कोंबून आणू नये, हा नियम तर ठेच लागून आलेल्या शहाणपणाचा. फाइल आकसवणारी झेडलिब ही लायब्ररी जवळजवळ सगळेच वापरतात. मार्च २००२ मध्ये तिच्यात एक दोष उघड झाला: एकदा मोकळी केलेली स्मृती ती पुन्हा मोकळी करत होती. सामाईक प्रत एका ठिकाणी दुरुस्त करता आली. पण असंख्य प्रोग्रॅमांनी स्वतःपुरती वेगळी प्रत बाळगली होती. त्या शोधून एकेक करून बदलाव्या लागल्या.

परवान्याची बाब कोरडी वाटते, पण तिचा एक धागा थेट पुण्याला पोचतो. ‘श्रीलिपी’ हे सॉफ्टवेअर मराठी छपाईत सर्वदूर पोचवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले फाँट रेड हॅटने ‘लोहित’ या नावाने मुक्त केले. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून खास फाँटसाठी लिहिलेला मुक्त परवाना त्यांना देण्यात आला. लिनक्सवर वर्षानुवर्षे मराठी वाचली गेली ती या अक्षरांत.

तरीही ही तपासणी अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. शोध घेता एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारा तुकडा जाहीर कोडभांडारात नव्हता. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच घातलेला होता. डेबियन आणि फेडोरा या दोघांच्याही घडत असलेल्या आवृत्त्यांत एक्सझेड पोचली होती. प्रथेतली उणीव इथेच आहे. पॅकेज दारातून पहिल्यांदा आत येताना तपासले जाते. पुढच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीसाठी भिस्त सांभाळणाऱ्यावरच असते. निदान पायाभूत लायब्ररींसाठी तरी दुसरा काटा दर आवृत्तीला हवा.

आणि तिथे मराठी डोळेही हवेत. अक्षरे जोडून दाखवणारी हार्फबझ ही लायब्ररी अँड्रॉइडमध्ये आहे, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि दरी एवढे अंतर, पण मराठी ज्याला वाचता येत नाही त्याला पडद्यावर चुकीचा ‘र’ उमटला तरी काही खटकणार नाही. मराठी वाचणाऱ्याच्या ते चटकन लक्षात येईल. कोडोली-वारणानगरच्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनी हे काम जरूर हाती घ्यावे. फेडोरात अनौपचारिक तपासणी करायला पदवी लागत नाही, नोकरी लागत नाही, पैसे पडत नाहीत; नव्या माणसाला पॅकेजर म्हणून घेताना त्याने केलेल्या अशा तपासण्याही पाहिल्या जातात.