ससा, अमेरिकन चिंचिला
पाळीव सशाची मांस व फर या दोहोंसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झालेली वारसा जात, म्हणजे औद्योगिक पशुपालनाच्या आधीपासून परसदारी जोपासलेली पारंपरिक जात. फ्रान्समध्ये १९१३ साली प्रथम प्रदर्शित झालेला चिंचिला ससा १९१९ मध्ये अमेरिकेत पोहोचला आणि तेथे निवड पद्धतीने त्याचा आकार वाढविल्यावर या जातीला सध्याचे नाव मिळाले. प्रौढ ससा सु. ४ ते ५.५ किग्रॅ. वजनाचा असतो. मादीत बीजमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडे बाहेर पडणे, समागमामुळे घडत असल्याने तिला नराच्या पिंजऱ्यात नेऊन फळवितात. गर्भावधी सु. ३१ दिवसांचा असून त्याच्या अखेरीस गवत घातलेली प्रसूतिपेटी दिल्यास मादी अंगावरची लव उपटून तीत घरटे करते. पिलांचे डोळे सु. १० दिवसांनी उघडतात. सशांना उष्णता सोसत नाही, म्हणून पिंजरा सावलीत व हवेशीर ठेवतात आणि आहारात तंतुमय वाळलेल्या गवताला महत्त्व देतात. फरचा बाजार ओसरल्यावर आणि मोठ्या व्यावसायिकांनी पांढऱ्या न्यूझीलंड सशाला पसंती दिल्यावर ही जात दुर्मिळ झाली. कुटुंबांनी मांसासाठी तिचे पालन सुरू ठेवणे हा तिच्या संवर्धनाचा एक मार्ग आहे.