समष्टी प्रमाणाची परिकल्पना चाचणी

समष्टी प्रमाणाची परिकल्पना चाचणी ही सांख्यिकीतील एक अनुमानपद्धती आहे. समष्टीतील अमुक इतक्या घटकांत विशिष्ट गुणधर्म आढळतो, हे विधान नमुन्यासमोर टिकते की नाही, हे तिच्याद्वारे ठरवतात. मूळ विधानास शून्य परिकल्पना व त्याविरुद्धच्या विधानास पर्यायी परिकल्पना म्हणतात.

नमुन्यातील प्रमाणातून गृहीत प्रमाण वजा करून त्या फरकास मानक त्रुटीने भागतात. नमुना पुरेसा मोठा असल्यास हा भागाकार प्रसामान्य वितरणास अनुसरतो. ५ टक्के सार्थकता पातळीवरील एकपुच्छ चाचणीत तो १.६४५ पेक्षा अधिक आला, तर शून्य परिकल्पना फेटाळली जाते.

महाराष्ट्रातील उदाहरण

जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी जाहीर केली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्यांमधून यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला देण्यात आल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे त्याने सांगायचे होते. नाणेफेकीनेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. म्हणून गृहीत प्रमाण ०.५ धरले गेले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या अचूकतेची सरासरी सुमारे ४६ टक्के भरली.

सर्वाधिक अचूक उत्तरे २४, म्हणजे प्रमाण ०.६. मानक त्रुटी सुमारे ०.०७९ असल्याने भागाकार १.२६ येतो, शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही. या २४ चे कौतुक करण्याचेही कारण नाही. निव्वळ अंदाजाने ४० पैकी २४ किंवा अधिक उत्तरे जुळण्याची संभाव्यता सुमारे १३ टक्के आहे. २७ जणांत असा कोणी निघणे जवळपास निश्चितच होते.

परिकल्पना फेटाळली गेली नाही म्हणजे ती सिद्ध झाली, असे नव्हे; ही गल्लत वारंवार होते. एखाद्याची खरी अचूकता ६० टक्के असती, तरी ४० कुंडल्यांच्या चाचणीत ती साधारणपणे तीनांपैकी एकदाच उघड झाली असती. २०० कुंडल्यांत मात्र ती दहापैकी जवळपास नऊ वेळा दिसली असती. या प्रयोगात एका ज्योतिषसंस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या होत्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, भागाकार ०.२८.