नाणेघाटातील लेणे

नाणेघाट : ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर या तालुक्यांच्या हद्दीवरील सह्याद्रीतली प्राचीन घाटवाट. कल्याण बंदर ते जुन्नर या सातवाहनकालीन व्यापारी मार्गावरचा हा सर्वांत अवघड टप्पा. घाटमाथ्याच्या थोडे खाली, कोकणच्या अंगाला, कातळात खोदलेले मोठे दालन आहे. इतिहासग्रंथांत ते गाजले शिलालेखांमुळे. मुळात मात्र ती वाटसरूंच्या विसाव्याची जागा, आणि शिलालेखही हे ध्यानात ठेवूनच वाचावेत.

दालन साधारण नऊ मीटर लांबरुंद असून भिंतींलगत कातळातच कोरलेले ओटे आहेत. स्तूप नाही, भिक्खूंच्या खोल्या नाहीत. जवळच पाण्याची टाकी खोदलेली आहेत. ज्याने कोकणातून ओझे घेऊन चढण पार केली त्याला सावली, पाणी आणि टेकायला ओटा, एवढेच येथे दिले आहे. आणि तेवढेच हवे असते. तुलनेला, भूमध्य समुद्राकाठच्या अक्का बंदरात अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला उस्मानी अंमलदार जज्जार पाशा याने बांधलेली खान अल्-उमदान ही सराई प्रसिद्ध आहे. तिथे खाली मालाच्या वखारी, वर मुक्कामाच्या खोल्या, मध्ये चौक. नाणेघाटात वखार नाही, दरवाजा नाही. बंदरातली सराई माल सांभाळते. घाटातले हे लेणे माणसाला दम खाऊ देते.

नाणेघाटातून जाणाऱ्या मार्गाचे दुसरे टोक भूमध्य समुद्रापर्यंत पोचत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी वृत्तांतात कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक वा पाश्चिमात्य, दात्यांचे लेख आहेत. त्यांपैकी एकाने पाण्याची टाकी करवून दिली.

दालनाच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला दीर्घ लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इ. स. पू. पहिल्या शतकातला मानतात आणि पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी त्याचा संबंध जोडतात. आरंभी इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते : १,७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापणे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणा उरल्या आहेत, पण वर कोरलेल्या नावांवरून सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर यांची ओळख पटते. एवढा मजकूर राजधानीत न कोरता घाटात का कोरला? कारण येथे माणूस बसतो. थकून ओट्यावर टेकलेल्या सार्थवाहासमोर राजकुळ उभे आहे आणि त्याची संपत्ती भिंतीवर मांडलेली आहे. व्यापाऱ्याला समजेल अशी भाषा आकड्यांची, आणि आकडे येथे भरपूर आहेत.

हे आकडे गणिताच्या इतिहासातही मोलाचे आहेत. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य आणि स्थानमूल्य अजून आलेले नाही. आपल्या देवनागरी अंकांची वंशावळ ब्राह्मी अंकांपर्यंत जाते, आणि त्या अंकांच्या सर्वांत जुन्या मोठ्या नमुन्यांपैकी एक येथे आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स याने हे लेख अभ्यासकांच्या नजरेस आणले. अंकांचा उलगडा करण्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा वाटा मोठा.

लेण्यापुढे अरुंद नळीतून माथा गाठता येतो. तिथे दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्याने त्यात जकातीची नाणी टाकावीत अशी वहिवाट होती, असे परंपरा सांगते. नळी पाहिली की परंपरा पटते : माणूस असो की लादलेला बैल, टाळून जायला जागाच नाही.

उल्हासनगरहून शहाडमार्गे कल्याण-मुरबाड रस्त्याने, बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाडला यावे; पुढे टोकावडे, वैशाखरे. अंबरनाथचे शके ९८२ मधील शिवालय पाहून आलेल्याने लक्षात ठेवावे, की हे लेणे त्याहून हजारभर वर्षांनी जुने आहे. वैशाखऱ्याजवळून पायवाट चढू लागते. वर जुन्या फरसबंदीचे, झिजलेल्या पायऱ्यांचे टप्पे लागतात. जुन्नरकडून घाटघरमार्गे मोटार थेट माथ्यावर येते, पण मग ओट्याचे महत्त्व कळत नाही. शक्यतो कोकणातून पायी चढावे. पावसाळ्यात दरीतल्या वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला गर्दी लोटते, वाट निसरडी होते. लेख निवांत पाहायचे असतील तर थंडीचे दिवस बरे. मावळतीच्या तिरप्या उन्हात अक्षरे अधिक उठून दिसतात. त्यांवर हात फिरवू नये, खडू लावू नये. बरीच अक्षरे आधीच गेली आहेत. माथ्यावर शेजारी जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका आहे.