चुकून दिलेला पैसा

खातेक्रमांकातला एक आकडा चुकावा आणि महिन्याची मिळकत कोणा अनोळखी गृहस्थाच्या पदरात पडावी, ही आपत्ती अलीकडे नित्याची झाली आहे. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे ‘चूक तुझी, आता भोग’ असे म्हणून मोकळी होतात. हा निवाडा वरवर न्याय्य वाटतो. आणि मौज ही की, विलायतेतील एका थोर न्यायाधीशानेही प्रथम जवळजवळ असाच निवाडा दिला होता.

ती हकीकत सांगण्याजोगी आहे. सोलारी नावाच्या गृहस्थाने १८३६ साली आर्गस आयुर्विमा कंपनीकडे २०० पौंडांचा विमा उतरविला. १८४० च्या सप्टेंबरातील हप्ता न भरताच तो ऑक्टोबरात वारला. अर्थात विमा बुडाला. कंपनीच्या विमागणितज्ञाने ही गोष्ट दोघा संचालकांच्या कानी घातली व त्यांपैकी एकाने विमापत्रावर पेन्सिलीने तसा शेराही मारून ठेवला. पुढे १८४१ च्या फेब्रुवारीत सोलारीची विधवा आली. पतीच्या दुसऱ्या दोन विम्यांबरोबर तिने याही विम्याची रक्कम मागितली, आणि त्याच संचालकांनी ती देऊन टाकली! पेन्सिलीचा तो शेरा ते साफ विसरले होते.

कंपनीने दावा लावला. ज्यांस वस्तुस्थिती ठाऊक होती, निदान ठाऊक करून घेण्याचे साधन ज्यांच्या हाती होते, त्यांस पैसा परत मागता येत नाही, असे म्हणून लॉर्ड ॲबिंजर यांनी दावा काढून टाकला. परंतु प्रकरण पूर्ण पीठापुढे येताच बॅरन पार्क यांनी प्रश्नाचे तोंडच फिरविले. देणारा किती गाफील होता हे पाहावयाचे नाही. जी वस्तुस्थिती नव्हती ती आहे असे समजून त्याने पैसा दिला असेल, तर तो ठेवून घेणे सदसद्विवेकबुद्धीस धरून नाही. वस्तुस्थिती कशीही असो, पैसा द्यावयाचाच, असा देणाऱ्याचा हेतू असेल तर गोष्ट निराळी. ॲबिंजर स्वतः त्या पीठावर होते. आपण नियम फार व्यापक सांगितला, हे त्यांनी मान्य केले व फेरचौकशीचा हुकूम झाला. त्या विधवेबद्दल कोणाचेही मन कळवळेल; तथापि न भरलेल्या हप्त्यावर तिचा हक्क कशाने उभा राहणार?

हे तत्त्व काही नवे नव्हते. न देय असलेले द्रव्य परत मागण्याची वाट रोमन कायद्यात होती, आणि लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६० मध्ये तिचाच धागा इंग्रजी कायद्यात आणला होता. मात्र १८०२ साली लॉर्ड एलेनबरो यांनी त्यात एक पाचर मारली: वस्तुस्थितीविषयी चूक झाली तर पैसा परत मिळेल, कायद्याविषयी झाली तर नाही; कारण कायदा प्रत्येकास ठाऊक असतो असे गृहीत धरलेच पाहिजे. वकिलांनाही जे साधत नाही ते सामान्य प्रपंची माणसाकडून अपेक्षिणारा हा नियम इंग्लंडात १९९८ पर्यंत टिकला.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमात असा भेद मुळीच नाही. चुकीने मिळालेला पैसा परत केलाच पाहिजे, इतके ते साधे आहे. त्याखालचे उदाहरण तर घरगुतीच: दोघांनी मिळून एकाचे शंभर रुपये देणे आहे, पहिल्याने ते फेडले, हे ठाऊक नसता दुसऱ्यानेही फेडले, सावकाराने त्या दुसऱ्याचे शंभर परत करावेत. तरीही इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या आमच्या काही न्यायालयांनी एलेनबरोंचा भेद या कलमात वाचलाच. झरियाच्या कोळसा-खाणींच्या पट्ट्यासंबंधीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये तो पुसून टाकला, आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले.

तेव्हा हक्क निर्विवाद आहे. अडचण पुढची: दावा लावावयाचा कोणावर? आपल्या जुन्या पेढ्यांवरील शाहजोग हुंडीत हा प्रश्न उद्भवत नसे. ती पटावयाची ती पेठेत पत असलेल्या शहाच्या हातीच. आणि हुंडी मागाहून बनावट ठरली, तर तो शहा व्याजासह रक्कम भरून देई. आताच्या व्यवहारात माणसाची जागा आकड्याने घेतली. केवळ खातेक्रमांकावरून रक्कम जमा करावी, क्रमांक अचूक देणे ही पाठविणाराची जबाबदारी, असे रिझर्व्ह बँकेने २०१० साली ठरवून दिले. घेणारा राजीखुशीने परत देईल तर ठीक. नाकबूल झाला तर दिवाणी दावा, आणि बँक आपल्या खातेदाराचा ठावठिकाणा परक्यास सहसा सांगत नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्माविले की, ‘नेफ्ट’ व ‘आर.टी.जी.एस.’ या मार्गांनी रक्कम धाडण्यापूर्वी घेणाराचे नाव पाठविणारास दिसेल अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी. शहाची हमी त्या नावामागे नाही. पण पैसा हातून सुटण्यापूर्वी ते वाचून पाहण्याची संधी तेवढी मिळाली.