कलावंताच्या दारचें गिऱ्हाईक

संगीताच्या शोकिनांची एक तक्रार अलीकडे वरचेवर कानीं येते. मधला दुकानदार वगळून कलावंताच्याच आंतरजालावरील दुकानांतून तबकडी किंवा स्वाक्षरीचें चित्र मागवावें, पैसे आगाऊ भरावे, आणि मग महिनेच्या महिने टपालवाल्याची वाट पाहावी. माल परदेशचा असल्यास टपालखर्च आणि जकात मिळून मूळ किंमतीला गांठतात. आणि पुडकें हातीं पडतें न पडतें तोंच तीच चीज बाजारांत निम्म्या दरानें मिळूं लागते. तक्रार खरी आहे. तिचें खापर मात्र बहुधा नव्या यंत्रयुगावर फोडण्यांत येतें, तें इतिहासाला धरून नाहीं. हें सारें नाटक व्हिएन्ना शहरांत अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभीं एकदां होऊन गेलें आहे, आणि त्यांतील पात्रें हायडन, मोझार्ट व बीथोव्हेन यांच्या योग्यतेचीं आहेत.

हायडन हा एस्टरहाझी घराण्याचा नोकर. त्याच्या पहिल्या करारान्वयें त्याची रचना धन्याच्या मालकीची असे. 1779 च्या नव्या करारांत तें कलम गळालें आणि त्याला आपला माल विकण्याची मोकळीक मिळाली. दोन वर्षांनीं त्यानें सहा तंतुवाद्य-चौकड्या रचल्या व 1781 च्या डिसेंबरांत निरनिराळ्या संस्थानिकांना आणि रसिकांना पत्रें धाडलीं. या रचना अगदीं नव्या धर्तीच्या आहेत, गेल्या दहा वर्षांत आपण असें कांहीं लिहिलेलें नाहीं, आणि सहा डकॅट वर्गणी भरणारास त्यांची हस्तलिखित प्रत मिळेल, असा त्यांतील आशय. (जाहिरातीची भाषा अडीचशें वर्षांत फारशी सुधारलेली नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.) डकॅट म्हणजे सुमारें साडेचार गुल्डन, तेव्हां ही वर्गणी सत्तावीस गुल्डनांवर जाते. एवढी रक्कम कशासाठीं द्यावयाची? सूर तर छापील प्रतींतही तेच असणार. वर्गणीदार विकत घेत होता तें अग्रहक्काचें सुख: इतर कोणाजवळ नाहीं तें आपल्या दिवाणखान्यांत आधीं वाजावें.

आणि नेमकें तेंच त्याच्या हातून निसटूं लागलें. डिसेंबर सरण्यापूर्वींच व्हिएन्नांतील प्रकाशक आर्तारिया यानें याच चौकड्या लवकरच छापून निघत असल्याचें वर्तमानपत्रांत जाहीर केलें. वर्गणीदारांच्या प्रती अद्याप रवाना झाल्या नव्हत्या. हायडननें जानेवारीच्या आरंभीं प्रकाशकाला संतापाचें पत्र लिहिलें. आपली अब्रू जाण्याची वेळ आली, असा त्याचा सूर होता. छापील आवृत्ति पुढें एप्रिलांत निघाली, आणि ती हस्तलिखितापेक्षां पुष्कळ स्वस्त होती. पण हायडनचा हा संताप मला निम्माच पटतो. त्याच चौकड्या आर्तारियाला देण्याचें त्यानें स्वतःच कबूल केलें होतें. एकच माल दोन दारीं विकण्याची कला त्याला चांगली अवगत होती. 1787 मधील सहा चौकड्या त्यानें व्हिएन्नांत आर्तारियाला आणि लंडनांत फॉर्स्टरला, अशा दोघांनाही दिल्या. ग्रंथस्वामित्वाचा पक्का कायदा जेथें नव्हता तेथें रचनाकारानें जेवढे मिळतील तेवढे पैसे पहिल्याच खेपेस काढावे, हें समजण्यासारखें आहे. मात्र त्याची झळ वर्गणीदाराला लागे.

मोझार्टची गोष्ट उलट दिशेची. 1783 मध्यें त्यानें तीन पियानो-कॉन्चेर्टोंच्या हस्तलिखित प्रती चार डकॅट वर्गणीला देऊं केल्या, तेव्हां त्याच्या वडिलांना ती किंमत जबर वाटली. 1788 च्या एप्रिलांत त्यानें पुन्हा तीच वाट धरली. तीन तंतुवाद्य-पंचकें, वर्गणी चार डकॅट, प्रती जुलैपासून मिळतील, पैसे व्यापारी पुख्बेर्ग याजकडे भरावे. हा पुख्बेर्ग मोझार्टचा सावकार-स्नेही; त्याच उन्हाळ्यांत मोझार्ट त्याला कर्जासाठीं काकुळतीचीं पत्रें लिहीत होता. जून अखेरीस दुसरी जाहिरात आली: वर्गणीदार फारच थोडे जमले, सबब प्रसिद्धि 1 जानेवारी 1789 पर्यंत लांबणीवर. पुढें ती पंचकें आर्तारियानेंच एकेक करून काढलीं; तिसरें निघालें तेव्हां मोझार्ट हयात नव्हता. ज्यांत सोल मायनरचें तें पंचक आहे, त्या संचाला सबंध व्हिएन्नांत पुरेसे गिऱ्हाईक मिळूं नये, हें वाचून आजही मन खिन्न होतें.

बीथोव्हेनची ‘मिस्सा सोलेम्निस’ 9 मार्च 1820 रोजीं आर्चड्यूक रुडोल्फच्या धर्मपीठारोहणाला वाजावयाची होती. ती त्याच्या हातीं पडली 1823 च्या मार्चांत. विलंबाचा उच्चांक म्हणून हें उदाहरण कोणत्याही आधुनिक दुकानाला पुरून उरेल. त्याच वर्षीं बीथोव्हेननें युरोपांतील दरबारांना पन्नास डकॅट घेऊन हस्तलिखित प्रत देऊं केली. दहाजणांनीं होकार दिला. गटेनें आपल्या दरबाराकडे शब्द टाकावा म्हणून त्यालाही पत्र गेलें, त्याचें उत्तर आलें नाहीं. त्याच्या दुर्बोध अक्षराची संवय असलेला जुना लेखनिक श्लेमर याच वर्षीं वारला. इकडे एकाहून अधिक प्रकाशकांशीं घासाघीसही चालूच होती. अखेर शॉट यानें 1827 मध्यें तें पुस्तक छापलें, आणि पन्नास डकॅटांची वस्तु दुकानांत आली.

या दहांपैकीं प्रिन्स गॅलिट्झिन यानें आपली प्रत कपाटांत ठेवली नाहीं. 1824 च्या एप्रिलांत सेंट पीटर्सबर्ग येथें त्यानें ती सबंध वाजवविली. खुद्द व्हिएन्नाला पुढच्या महिन्यांत तिचे तीनच भाग ऐकावयास मिळाले.